ठिपका हिरवा करा

ऑर्डरची आकृती साहेबांना आवडली. नोंद, पैसे, रवानगी, पोच, परतावा, सगळे चौकोन आणि बाण जिथल्या तिथे. "झकास! फक्त तो सुरुवातीचा काळा ठिपका हिरवा करा."

मी आकृत्या मर्मेड नावाच्या साधनात काढतो. काढतो म्हणजे लिहितो; मजकूर टाइप केला की चित्र आपोआप उमटतं. रंग हवा तर क्लासडेफची एक ओळ लिहायची आणि अवस्थेच्या, म्हणजे चौकोनाच्या, नावापुढे तीन कोलन देऊन तो रंग चढवायचा. पण सुरुवातीच्या आणि शेवटच्या ठिपक्याला तो चढत नाही, असं मर्मेडच्याच माहितीपत्रकात लिहिलंय. ठिपक्याला मुळात नावच नाही. चौकटी कंसात एक तारा. बाणाच्या अलीकडे असला की सुरुवात, पलीकडे असला की शेवट.

हे साहेबांना सांगत होतो, तेवढ्यात हिशेब विभागातले एक गृहस्थ चार्जर शोधत आले आणि माझ्या खुर्चीमागे ठाण मांडून उभे राहिले.

"काय अडलंय?"

"ठिपका हिरवा करायचाय."

"मग राइट क्लिक करा की."

"इथे क्लिक नाही. लिहावं लागतं."

"मग लिहा, ग्रीन."

"लिहिलं. होत नाही."

"स्पेलिंग बघा."

साहेब बघत होते, म्हणून मी ग्रीनचं स्पेलिंग तपासलं.

"जी कॅपिटल करून बघा."

"अहो, ठिपक्याला रंग लावायची सोयच नाही!"

गृहस्थ स्क्रीनवर वाकले. ठिपक्यावर बोट टेकवलं, त्याचा ठसा अजून आहे. "असं कसं? काळा आहे ना? म्हणजे काळा लागलाच की!"

साहेबांनी मान डोलावली. यावर काय बोलणार?

अशा आकृत्यांत अवस्थेच्या पोटात अवस्था दाखवायची युक्ती संगणकशास्त्रज्ञ डेव्हिड हॅरेल यांची. लढाऊ विमानाच्या यंत्रणेवर काम करताना त्यांना ती सुचली, 1987 साली त्यावर लेखही आला. विमानवाल्यांनी त्यांच्याकडे हिरवा ठिपका मागितला नसावा. मागितला असता तर विमान अजून कागदावरच असतं. (त्या पोटवाल्या अवस्थांनाही क्लासडेफचा रंग लागत नाही. हे मी साहेबांना सांगितलेलं नाही.)

खरा राग वेगळाच आहे. पैसे कापले गेले आणि बँकेचं उत्तरच आलं नाही, तर ऑर्डर कुठे लटकते? त्यासाठी तर आकृती काढली होती. तिथून बाहेर पडणारा एकही बाण नाही, भोक उघडं दिसतंय. त्यावर कोणी चकार शब्द काढला नाही.

शेवटी ठिपका काढून टाकला, 'सुरुवात' नावाचा साधा चौकोन घातला आणि तो हिरवा केला. साहेब म्हणाले, "गोल नाही झाला."

संध्याकाळी बैठकीचे मिनिट्स आले. 'ठिपक्याचा रंग: हिशेब विभागाच्या सूचनेनुसार बदलणे. प्रलंबित.' पुढे जबाबदार व्यक्तीच्या रकान्यात माझं नाव. चार्जरही गेला. माझा होता.