तटस्थता आणि सुटे भाग

नमस्कार सर,

स्वीडन २०२४मध्ये नाटो या अमेरिका आणि युरोपीय देशांच्या लष्करी गटात गेला. पण ‘स्वीडनची तटस्थता २०२४च्या आधीच संपली होती’ हे माझ्या लेखातलं वाक्य तुम्हाला खटकलं. नाटोबरोबर लष्करी सराव केला म्हणून कुणी कुणाच्या दावणीला बांधलं जात नाही, आपल्या डॉ. कोटणीसांनीही चीनला मदत केलीच की, असं तुम्ही लिहिलंत.

एक मान्य करतो. भारताला मी सरसकट ‘तटस्थ’ म्हटलं, ते चुकलं. स्वित्झर्लंडची तटस्थता, म्हणजे कुठल्याही युद्धात बाजू न घेणं, वेगळी आणि आपली अलिप्तता, म्हणजे कुठल्याही गटात न जाणं, वेगळी. लेखात दुरुस्ती केली आहे.

सरावाचं म्हणाल तर नुसत्या सरावानं कुणी अडकत नाही, हे खरंच. अडकवतं ते त्याच्यामागून येणारं सामान. आमच्या कारखान्यात दोन वर्षांपूर्वी टॉवेलसाठी रॅपियर माग (बिनधोट्याचा आधुनिक माग) घेतला. दुसऱ्याकडून काही घ्यायचं नाही, अशी अट कागदावर कुठंच नव्हती. ऐन सीझनमध्ये कंट्रोल बोर्ड गेला. बोर्ड माग विकणाऱ्या कंपनीचाच लागतो, पासवर्डही त्यांच्याच इंजिनिअरकडे. बीमवर ताणा (उभे धागे) भरलेला तसाच आणि माग ११ दिवस बंद. त्या दिवसांत त्यांच्या दराबद्दल अवाक्षर काढायची माझी छाती झाली नाही.

देशांचंही तसंच. फिनलंडनं १९९२मध्ये ६४ अमेरिकी हॉर्नेट लढाऊ विमानं घ्यायचं ठरवलं आणि डिसेंबर २०२१मध्ये ६४ एफ-३५, तीही अमेरिकीच. तेव्हा रशियाच्या युक्रेनवरच्या मोठ्या हल्ल्याला दोन महिने अवकाश होता आणि देश कुठल्याही लष्करी गटात नव्हता. नाटोत जायचा निर्णय हल्ल्यामुळं झाला, हे मी नाकारत नाही. पण एप्रिल २०२३मध्ये तो इतक्या लवकर तडीस गेला, कारण नाटोच्या सामग्रीशी जुळवाजुळव तीस वर्षं चालू होती.

स्वित्झर्लंडची गोष्ट याच्या उलट. जर्मनीला गेपार्ड या विमानविरोधी तोफांसाठीचा स्विस दारूगोळा युक्रेनला द्यायचा होता. स्विस सरकारनं युद्धात असलेल्या देशाला शस्त्रं न देण्याच्या कायद्यावर बोट ठेवून नकार दिला. तटस्थता शाबूत राहिली, पण जर्मनीनं तो दारूगोळा स्वतःच्या देशात बनवायला घेतला. गिऱ्हाईक गेल्यावर कायदा सैल करावा का, यावरून तिथं वाद पेटला. म्हणजे शस्त्रं विकणाऱ्या तटस्थालाही किंमत मोजावी लागतेच.

आणि आपण? २ मार्च २०२२ला संयुक्त राष्ट्रांत रशियाविरोधी ठरावावर १४१ देश बाजूनं, ५ विरोधात आणि मत न देणारे ३५. त्या पस्तिसांत भारत होता. आपल्या सैन्याकडे रशियन बनावटीची सामग्री भरपूर आहे. मत न देण्यामागं तेवढंच कारण नव्हतं, पण ते कारण नव्हतंच असं म्हणायला माझं मन धजत नाही.

आता कोटणीस. बाहेरगावचे पाहुणे आले की मी त्यांना आवर्जून डॉक्टरांच्या स्मारकात नेतो, त्यामुळं तुमचा दाखला मला जिव्हाळ्याचा वाटला. पण १९३८मध्ये जपानशी लढणाऱ्या चीनला ५ डॉक्टर पाठवले ते काँग्रेसनं. देश स्वतंत्र नव्हता, परराष्ट्र धोरण आपल्या हातात नव्हतं. कोटणीस १९४२मध्ये तिथंच वारले. त्यांनी जखमी सैनिकांवर उपचार केले, पण सुट्या भागासाठी पुन्हा आपल्या दारात यावं लागेल असं काही चीनच्या गळ्यात घातलं नाही. म्हणून ती मदत निखळ होती, सर, आणि म्हणूनच १९६२च्या भारत-चीन युद्धात तिनं कुणाचाही हात अडवला नाही.