खुलासा : खुणांमुळे लेकरू बोलायचं थांबत नाही

‘कर्णबधिर लेकराला हाताच्या खुणा दाखवल्या की ते बोलतच नाही,’ असा मेसेज लातूर-बीडकडं फिरतोय. तो चूक आहे. ‘पापा, बाबा, मामा’ आरशासमोर बिनआवाजी म्हणून बघा. ओठ सारखेच हलतात, आवाज मात्र वेगळे. हा फरक बोलता बोलता हाताने दाखवायचा, ही अमेरिकेतल्या ऑरिन कॉर्नेट यांची १९६६ची ‘क्यूड स्पीच’ पद्धत. तिच्या इंग्रजी तक्त्यात व्यंजनांसाठी हाताचे ८ आकार, स्वरांसाठी तोंडाजवळच्या ४ जागा. तो तक्ता मराठीला जशाला तसा लावू नका. ‘ट-ठ’, ‘ब-भ’ हा भेद त्यात नाहीच. खूण उच्चारासोबतच यावी. मागून आली की लेकरू ती पुढच्या अक्षराला जोडतं. हात ओठांवर नको. दाराकडं पाठ करून बसलात तर तोंड अंधारात जातं, मग खुणा कितीही करा! आणि कानातलं मशीन चालूच ठेवा.