पोर आजारी, पगार कट

परत तेच! आषाढाची झड लागली, मी काम करते त्या पाळणाघरातल्या दोन मुलांच्या तळहातांवर फोड उठले आणि चार दिवसांत ते माझ्या धाकट्याच्या तोंडात. पेजेचा चमचा ओठाला लागला की किंचाळतोय पोर. डॉक्टरांनी सांगितलं, आठवडाभर इतर मुलांत सोडू नका. मग घरी बसायचं कुणी? मीच. आणि पगारातनं सहा दिवस कापले!

अहो, हा आजार त्यानं बाजारातनं नाही आणला. बेळगावात शहापूरहून टिळकवाडीला जाऊन दिवसभर मी ज्यांची नाकं पुसते, त्यांच्याकडनंच आला. त्या मुलांच्या आया बँकेत, कॉलेजात. त्यांना भरपगारी रजा मिळते. मिळायलाच पाहिजे. मग त्यांची पोरं सांभाळणाऱ्या बाईला का नको?

ईएसआय, म्हणजे सरकारी कामगार विमा म्हणाल, तर त्याची सक्ती दहा माणसांपासून, आम्ही चौघीच. आणि असतं तरी वर्षाला 91 दिवसांपर्यंत 70 टक्के पगार, तोही स्वतःच्या आजारपणाला. लेकराच्या तापासाठी घरी बसलं तर पगार नाही. खानापुरात माझी जाऊ अंगणवाडीत आहे. 1975 पासूनची योजना, पण तिच्या हातात पडतं ते अजून ‘मानधन’च.

मालकीणबाई म्हणतात, “काम नाही तर पगार कसला गं?” गेल्या पावसाळ्यात ह्याच भीतीनं तापलेल्या पोराला शेजारच्या काकूंकडं ठेवून गेले होते. दुपारी फोन आला, पोराला आकडी आली म्हणून. रिक्षा मिळेपर्यंत माझे पाय लटपटत होते.

यंदा नाही ठेवणार. कापा किती कापायचे ते.