देवाने आधीच निवडलंय, तर मग सुवार्ता कशाला सांगायची?

कुणाला तारायचं हे देवच निवडतो, असं सांगणारा रोमकरांस पत्राचा नववा अध्याय बायबल स्टडीत आला की हा प्रश्न येतोच: मग येशूवर विश्वास ठेवा ही सुवार्ता लोकांना सांगायची कशाला? विचारणारा बहुतेक वेळा विशीतला असतो आणि उत्तर देणारे पाळकसाहेब बहुतेक वेळा घड्याळाकडे बघतात. "हे गूढ आहे" म्हणून प्रार्थना होते, चहा येतो, विषय संपतो. गूढ आहे, कबूल. पण ज्यांनी या गूढावर आयुष्यं घालवली ते काय म्हणाले, एवढं तरी पोरांना सांगावं की नाही?

माझं मत आधीच सांगून टाकतो. देवाने निवडलंय यावर माझा विश्वास आहे. इफिसकरांस पत्राच्या पहिल्याच अध्यायात "जगाच्या स्थापनेपूर्वी" असं स्वच्छ लिहिलंय, ते मला खोडता येत नाही. आणि ही शिकवण मानणाऱ्याने तर सुवार्ता जास्तच मोकळेपणाने सांगावी, असं मला वाटतं.

विल्यम केरीचं बघा. आपण त्याला बंगालचा मिशनरी म्हणून ओळखतो, पण १८०५ मध्ये मराठीचं व्याकरण आणि १८१० मध्ये मराठी-इंग्रजी कोश छापणारा माणूस हाच. मूळचा इंग्लंडातला चांभारकाम करणारा, बाप्टिस्ट पंथाचा, आणि पक्का कॅल्व्हिनवादी, म्हणजे कुणाला तारायचं हे देवच आधी निवडतो ही सोळाव्या शतकातल्या जॉन कॅल्व्हिनची शिकवण मानणारा. त्या काळी तिथल्या काही बाप्टिस्ट मंडळ्यांत ही शिकवण इतकी आवळली गेली होती की, ज्याला अजून पापाची जाणीवच झालेली नाही त्याला "विश्वास ठेव" असं म्हणणंसुद्धा चुकीचं मानत. ऐकणाऱ्याच्या अंगी विश्वास ठेवायची ताकद नसेल, तर आमंत्रण द्यायचं कसं, हा त्यांचा युक्तिवाद. केरी मिशनबद्दल बोलायला उठला तेव्हा एका वडीलधाऱ्या पाळकाने "खाली बस, देवाला परराष्ट्रीयांना तारायचं असेल तर तो तुझ्यामाझ्या मदतीशिवाय तारेल" असं सुनावलं, ही गोष्ट तुम्ही दहा उपदेशांत ऐकली असेल. त्या पाळकाच्या मुलाने मात्र ती नाकारली आहे. ती खरी असो वा नसो, तसं मानणारे लोक होते हे नक्की.

त्यांना उत्तर कुणी दिलं, तर कॅल्व्हिनवाद्यांनीच. अँड्र्यू फुलर नावाच्या पाळकाने १७८५ मध्ये पुस्तक लिहून दाखवलं की सुवार्ता ऐकणाऱ्या प्रत्येकाने विश्वास ठेवणं हे त्याचं कर्तव्यच आहे. १७९२ मध्ये केरीने आपली पुस्तिका काढली. तिचा सगळा भर एका गोष्टीवर होता: देव आपला हेतू साधनांनी पुरा करतो, आणि ती साधनं वापरणं आपलं काम आहे. पीक देणारा देवच, पण म्हणून कुणी शेतकरी पेरणी सोडून बांधावर बसत नाही.

१७९३ मध्ये केरी बंगालमध्ये उतरला. कृष्ण पाल या सुताराचा बाप्तिस्मा झाला १८०० च्या डिसेंबरात. मधल्या सात वर्षांत एकाही बंगाली माणसाचा बाप्तिस्मा नाही. या काळात त्याचा लहान मुलगा गेला आणि बायकोचं मन कायमचं बिघडलं. (त्या बाईला या प्रवासाला यायचंच नव्हतं. केरीचे गोडवे गाताना आपण हे गिळून टाकतो, ते मला पटत नाही.) सगळं आपल्या बोलण्यावर अवलंबून आहे असं मानणारा माणूस त्या सात वर्षांत बहुधा परतीचं जहाज शोधत बसला असता.

आपल्याकडेही तेच. १८१३ मध्ये मुंबईत आलेले अमेरिकन मिशनरी गॉर्डन हॉल आणि त्याचे सोबती याच परंपरेतले. १८२६ मध्ये नाशिककडच्या दौऱ्यात हॉल पटकीने वारला. तेरा वर्षांची मेहनत, आणि हाताला लागलेली माणसं अगदी थोडी. पुढे आलेले स्कॉटिश प्रेस्बिटेरियन, जॉन विल्सन वगैरे, तर वेस्टमिन्स्टरचा विश्वासांगीकार (हीच शिकवण मांडणारा विश्वासाचा जाहीरनामा) मानणारे. म्हणजे महाराष्ट्रात सुवार्ता आणणाऱ्यांत "देव निवडतो" म्हणणारे कितीतरी होते.

मला सगळ्यात बळकट आधार वाटतो तो प्रेषितांची कृत्ये १८ चा. करिंथात पौल घाबरलेला आहे. प्रभू त्याला दृष्टान्तात सांगतो, भिऊ नकोस, बोलत राहा, "ह्या नगरात माझे पुष्कळ लोक आहेत." त्यातल्या बऱ्याच लोकांनी अजून पौलाचं तोंडही पाहिलेलं नसणार! तरी प्रभू त्यांना "माझे" म्हणतो, आणि हेच बोलत राहण्याचं कारण म्हणून देतो. पौल तिथे दीड वर्ष राहिला.

आता दुसऱ्या टोकाबद्दल. हल्ली कन्व्हेन्शन झालं की "किती आत्मे जिंकले" याचा आकडा ग्रुपवर येतो, हात वर केलेल्यांचे फोटो येतात. मला याची लाज वाटते. ज्याचं अंतःकरण देव उघडतो, त्याची मोजदाद आपण कुणाला दाखवतोय? आजारी माणसाच्या उशाशी बसून, त्याच्या अडचणीचा फायदा घेऊन घाईघाईने होकार काढणं तर त्याहून वाईट. शेजाऱ्याला विश्वासाबद्दल सांगावं, त्याने विचारलं तर मनापासून उत्तर द्यावं, "नको" म्हणाला तर त्याच्याच घरी दिवाळीचा फराळ खावा आणि मैत्री तशीच ठेवावी. निकाल माझ्या हातात नसेल तर मला रेटायची गरजच काय?

अडचण मलाही आहे. निवडलेले आहेत तर न निवडलेल्यांचं काय? कॅल्व्हिनने स्वतः देवाच्या या ठरावाला भयावह म्हटलं होतं. माझ्या वडिलांची आत्या वारकरी होती, दरवर्षी पंढरीला जायची, आणि आमच्या घरात तिच्याइतकं प्रेमळ माणूस दुसरं नव्हतं. तिच्याबद्दल निकाल द्यायला मला कुणी नेमलेलं नाही. यादी माझ्याकडे नाही, आणि ज्यांना ती आपल्याकडे आहे असं वाटतं त्यांच्यापासून मी लांब राहतो.

मेथडिस्ट पंथाचा जनक जॉन वेस्ली, त्याला ही शिकवण मुळीच मान्य नव्हती. १७३९ मध्ये त्याने तिच्याविरुद्ध कडक उपदेश केला आणि ती मानणारा त्याचा सहकारी उपदेशक व्हाइटफील्ड याच्याशी त्याचं बिनसलं. पण दोघंही उघड्या मैदानात, खाणकामगारांपुढे, तीच सुवार्ता सांगत होते. १७७० मध्ये व्हाइटफील्ड वारल्यावर लंडनमध्ये त्याच्यासाठी स्मृती-उपदेश केला वेस्लीनेच. आणि १९७० मध्ये नागपूरला चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं तेव्हा प्रेस्बिटेरियन, बाप्टिस्ट आणि ब्रिटिश मेथडिस्ट परंपरेचे लोक एकाच मंडळीत आले. या मुद्द्यावर कुणी कुणाला हरवलं नव्हतं.

मेथडिस्ट मित्रांनो, कमेंटमध्ये या, भांडूया. फक्त १ तीमथ्य २:४ (सगळ्या माणसांचं तारण व्हावं अशी देवाची इच्छा आहे, हे वचन) टाकून पळून जाऊ नका, रोम ९ पण वाचून या.