नाणे बांधून बेंबीचा हर्निया बसत नाही

सोयाबीन काढणीच्या तोंडावर आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या गावोगावच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक संदेश फिरतो आहे. त्याचे म्हणणे असे, की बेंबीच्या हर्नियाला, म्हणजे पोटाच्या भिंतीतल्या छिद्रातून बेंबीपाशी आलेल्या फुगवट्याला, ऑपरेशनची गरजच नाही, बेंबीवर नाणे ठेवून पट्टा आवळला की ती आपोआप बसते. उलट ऑपरेशनमध्ये लावलेली जाळी आत सडते, माणूस सहा महिने खाटेवर पडतो आणि हर्निया परत येतोच.

पहिल्या दाव्याला अर्ध्या सत्याचा टेकू आहे, म्हणूनच तो खपतो. तान्ह्या बाळाची बेंबी रडताना टम्म फुगते आणि बहुतेक मुलांत चार-पाच वर्षांच्या वयापर्यंत आपसूक आत जाते. ज्या आजीने नाणे बांधलेले असते तिला तो नाण्याचा गुण वाटतो. प्रत्यक्षात पोटाच्या भिंतीतले छिद्र वाढीबरोबर मिटलेले असते आणि नाण्याखालची कातडी मात्र घामाने चिघळलेली असते. मोठ्या माणसात हे छिद्र मिटत नाही. पोते उचलताना, खोकताना, शौचाला जोर करताना पोटातला दाब वाढतो आणि ते हळूहळू रुंदावते. पट्ट्याने फुगवटा दबतो, छिद्र तसेच राहते.

जाळी बहुधा पॉलीप्रोपिलीन या प्लास्टिकची असते. ती सडत नाही, तिच्या विणीत शरीराच्या पेशी वाढून भिंत मजबूत होते. जंतुसंसर्ग होऊन क्वचित ती काढावी लागते, हेही लपवण्याचे कारण नाही. राहिला ‘परत येतोच’ हा भाग. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २०१८ साली आलेल्या एका चाचणीत १ ते ४ सेंटिमीटर छिद्र असलेल्या ३०० रुग्णांपैकी केवळ टाके घातलेल्यांत सुमारे १२ टक्के, तर जाळी लावलेल्यांत ४ टक्के जणांना हर्निया पुन्हा झाला.

शस्त्रक्रियेनंतर त्याच संध्याकाळी रुग्णाला चालवतात आणि छिद्र लहान असेल तर बहुधा त्याच किंवा दुसऱ्या दिवशी घरी सोडतात. पहिले काही दिवस दुखते. खोकताना पोटाशी उशी दाबून धरली की बरे पडते. सहा महिने खाट धरावी लागत नाही, पण आठवड्याने फवारणीही जमत नाही, कारण सोळा लिटरचा पंप भरला की पाठीवर सोळा किलोंहून अधिक वजन येते आणि असे ओझे साधारण चार ते सहा आठवडे टाळावे लागते. या काळात हर्निया होता त्या रिकाम्या जागी पाणी साचून बेंबी पुन्हा फुगल्यासारखी दिसू शकते. आमच्या एका शेजाऱ्याने तिसऱ्या आठवड्यात ती फुगी पाहून ‘पैसे पाण्यात गेले’ असे गटावर टाकले. महिनाभरात फुगी ओसरली, त्यांचा संदेश मात्र अजून फिरतोच आहे.

फुगवटा दुखत नसेल आणि आडवे झाल्यावर आत जात असेल, तर डॉक्टरांना दाखवून शस्त्रक्रिया हंगामानंतर ठरवता येते. पण तो कडक होऊन दुखू लागला, आत जाईनासा झाला, त्यावरची कातडी लाल-काळी पडली किंवा उलट्या सुरू झाल्या, तर आतडे अडकलेले असू शकते. अशा वेळी तो दाबून बसवण्याचा प्रयत्न करू नये, काही खाऊ-पिऊ नये, आणि तालुक्याला सर्जन नसेल तर थेट यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय गाठावे, मग ती रात्र असो की काढणीचा दिवस.