किडा नव्हे, तो मेसेज फ्रीजमध्ये टाका

‘मॅक्रोला फ्लॅश कशाला?’ हा मेसेज आठवडाभर फिरतोय. मॅक्रो म्हणजे किड्यांसारख्या चिमुकल्या गोष्टींचे अगदी जवळून काढलेले फोटो. काल भाचीने तोच मला पाठवला, ‘मावशी, हा रिंग लाइट मागवू का?’ असं विचारत. मागवू नकोस. का, ते सगळ्यांसाठीच लिहिते.

मेसेजचं म्हणणं असं: एलईडी रिंग लाइट (लेन्सभोवती बसणारा गोल दिवा) सतत पेटलेला असतो, म्हणून फ्लॅशपेक्षा भारी, शटर १/४००० सेकंद ठेवा, एफ/३२ (लेन्सचं अगदी बारीक छिद्र) लावा, रिंगमुळे सावली पडत नाही, आणि किडा फार हलला तर १० मिनिटं फ्रीजमध्ये ठेवा.

फ्रीजचा सल्ला मुळात पहिल्या मुद्द्यातून आलाय. स्वस्त रिंग लाइटचा प्रकाश तोकडा, त्यामुळे शटर जेमतेम १/१०० मिळतं. वाऱ्याने डोलणाऱ्या पात्यावरचा किडा सेकंदाला ५ मिमी सरकला, तर तेवढ्या वेळात ०.०५ मिमी सरकतो. १:१ मोठेपणावर, म्हणजे किडा कॅमेऱ्यातल्या सेन्सरवर खऱ्या आकाराचाच उमटतो तेव्हा, तिथेही तो तेवढाच सरकतो. २४ मेगापिक्सेलच्या फुल फ्रेम (३६ मिमी रुंद) सेन्सरचा एक पिक्सेल ०.००६ मिमीचा, म्हणजे आठ पिक्सेल फरफटले! आता निकॉनच्या एसबी-८०० फ्लॅशचं मॅन्युअल उघडा. पूर्ण ताकदीवर झोत टिकतो १/१०५० सेकंद, १/१६ ताकदीवर १/१०९०० आणि १/१२८ वर १/४१६००. म्हणजे १/१६ वर तोच किडा पिक्सेलचा दहावा भागही सरकत नाही. ताकद कमी तितका झोत छोटा, म्हणून फ्लॅश जवळ आणायचा आणि ताकद खाली ठेवायची. गारठलेला किडा पाय आखडतो, मिशा पाडतो, आणि पावसाळी हवेत बाहेर काढताच त्याच्यावर दव धरतं. असा मरगळलेला जीव फोटोत लगेच ओळखू येतो. कधी कधी मरतोही. फोटोसाठी? कमाल आहे.

१/४०००चं काय? फ्लॅश लावला की बहुतेक कॅमेऱ्यांची सिंक मर्यादा, म्हणजे साध्या झोतासोबत चालणारं सर्वात वेगवान शटर, १/२०० ते १/२५०. त्यावर गेलं की हाय-स्पीड सिंक लागतं. त्यात एका झोताऐवजी शटरची फट सरकत असेपर्यंत फ्लॅश लुकलुकत राहतो. ताकद वाया जाते आणि हालचाल गोठवणारा तो छोटा झोतही हातचा जातो.

एफ/३२ म्हणजे १:१ वर प्रत्यक्षात एफ/६४. विवर्तनामुळे, म्हणजे बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्यामुळे, सगळंच सारखं मऊ दिसेल. एफ/११ला साधारण १.३ मिमी खोलीपर्यंतचं स्पष्ट येतं. डोळा त्यात बसवा, बाकीचं सोडून द्या.

सावलीचं मात्र अर्धं खरं आहे, मान्य. दातांच्या डॉक्टरांना मागच्या दाढा टिपायला रिंग फ्लॅशच सोयीचा. पण भुंग्याच्या चकचकीत पाठीवर तीच रिंग बांगडीसारखी उमटते, आणि सावली गेली की उठावही जातो.

मग घ्यायचं काय? कॅमेऱ्याच्या माथ्यावरच्या खाचेत (हॉट-शू) बसणारा, ताकद हाताने कमी-जास्त करता येणारा साधा फ्लॅश. पॅकिंगमधल्या पांढऱ्या फोम शीटचे दोन थर, पण फ्लॅशच्या तोंडाला चिकटवून नव्हे. चिकटवले की मध्ये पांढरा डाग पडतो. ८-१० सेमी पुढे, थोडी बाक देऊन, लेन्सच्या तोंडाच्या पुढे झुकेल असे. सुरुवात शटर १/२००, एफ/११, आयएसओ (सेन्सरची प्रकाश-संवेदनशीलता) २००, फ्लॅशची ताकद १/१६. फोटो काळा आला तर आधी आयएसओ ४०० करा, ताकद नंतर वाढवा.

एक खोड या पद्धतीचीही आहे: मागचा भाग काळाकुट्ट होतो. प्रकाशापासून किडा १० सेमीवर आणि मागची फांदी ४० सेमीवर असेल, तर फांदीला सोळावा हिस्साच प्रकाश मिळतो. किड्याच्या मागे ३-४ सेमीवर एखादं हिरवं पान येईल असा कोन शोध. आणि रिंग लाइटचे पैसे रिचार्जेबल सेलवर घाल.