इनकॉग्निटो लावला म्हणून कुणाला कळत नाही? कळतं की!

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या ग्रुपांवर ब्राउझरच्या इनकॉग्निटो, म्हणजे हिस्टरी न ठेवणाऱ्या विंडोबद्दल एक मेसेज फिरतोय: ‘इनकॉग्निटोत उघडा, कुणालाच काही कळत नाही. कन्नड जाहिरातीही बंद होतात. प्रायव्हेट ब्राउझर घेतलात तर कायमची काळजी मिटली.’

पहिलं वाक्यच चूक. इनकॉग्निटो विंडो बंद केली की तिची हिस्टरी आणि कुकीज (साइट ब्राउझरमध्ये ठेवते त्या छोट्या नोंदी) फोनमधून जातात, एवढंच. म्हणजे घरच्यांना कळत नाही. वेबसाइट, तिच्यावरच्या जाहिरात कंपन्या आणि इंटरनेट देणारी कंपनी यांना तुम्ही तरीही दिसताच. क्रोम ती काळी विंडो उघडताना साधारण हेच सांगतो, पण तो मजकूर वाचतंय कोण? याच कारणावरून २०२० मध्ये अमेरिकेत गूगलवर खटला झाला आणि २०२४ च्या तडजोडीत गूगलने अब्जावधी नोंदी नष्ट करायचं कबूल केलं. कुणाला काही कळतच नव्हतं, तर या नोंदी आल्या कुठून?

कन्नड जाहिरातींचं म्हणाल तर त्या ठरतात आयपी पत्ता (तुमच्या इंटरनेट जोडणीचा क्रमांक), लोकेशन, फोनची भाषा असल्या गोष्टींवरून. इनकॉग्निटोत आयपी बदलत नाही. त्यावरून ठिकाणाचा नुसता अंदाज बांधतात, म्हणून बेळगावच्या टिळकवाडीत बसून बेंगळुरूच्या फ्लॅटची जाहिरात बघावी लागते. भाषेचा विषय आपल्याकडे नाजूक, त्यामुळेच मेसेज इतका पळाला असणार. जाहिरातीच्या सर्व्हरला सीमाप्रश्न ठाऊक नसतो.

इनकॉग्निटो खरा कामाला येतो तो झेरॉक्सच्या दुकानात फॉर्म भरताना. विंडो बंद केली की लॉगिन जातं. पण डाउनलोड केलेली आधारची पीडीएफ जात नाही! ती डाउनलोड्स फोल्डरमध्ये पुढच्या गिऱ्हाइकासाठी तशीच राहते. ती डिलीट करा, रिसायकल बिनही रिकामा करा. मेसेजमध्ये हे असतं तर मीच फॉरवर्ड केला असता.

प्रायव्हेट ब्राउझरची गोष्ट मात्र अर्धी खरी आहे. सफारी २०२० पासून त्रयस्थ कुकीज, म्हणजे उघडलेल्या साइटच्या नव्हे तर जाहिरात कंपन्यांसारख्या तिसऱ्याच कुणाच्या कुकीज अडवतो. फायरफॉक्स २०२२ पासून प्रत्येक साइटच्या कुकीज वेगळ्या ठेवतो, त्यामुळे एका साइटवर बघितलेला ट्रॅक्टर दुसरीकडे बातम्या वाचताना मागे लागण्याचं प्रमाण कमी होतं. ब्रेव्ह हा ब्राउझर बरेच ट्रॅकर (तुमचा माग काढणारे कोड) मुळातच अडवतो. क्रोमने त्रयस्थ कुकीज बंद करतो करतो म्हणत २०२४ मध्ये बेत फिरवला.

तरी काळजी मिटत नाही, कारण कुकीशिवायही ओळख पटते: स्क्रीनचा आकार, टाइमझोन, टाकलेले फॉन्ट. डीटीपीवाल्याच्या कॉम्प्युटरवर श्रीलिपीचे मराठी फॉन्ट भरलेले असतात. असा संच जगात किती जणांकडे असणार? फायरफॉक्स, ब्रेव्ह ही माहिती झाकायचा प्रयत्न करतात, पण पूर्ण झाकली जात नाही. आणि ब्रेव्ह उघडून आधी जीमेलला लॉगिन केलंत, तर तुम्ही कोण हे गूगलला शोधावंच लागत नाही.

अँड्रॉइडवर फायरफॉक्सला जाहिराती आणि ट्रॅकर अडवणारं यूब्लॉक ओरिजिन जोडता येतं, मोबाइलच्या क्रोमला येत नाही. फॉरवर्डच करायचं तर हे करा.